पाळी कुठे मोजायची? पांझरेच्या पाण्यातले पाच नोड

पाच नंबरचा नोड (पाण्याखाली मोजमाप करून आवाजाने निरोप पाठवणारं आमचं यंत्र) मेला, असं आम्ही सकाळी अकरापर्यंत धरून चाललो होतो. धरणाच्या भिंतीजवळ बांधलेल्या तराफ्यावर लॅपटॉप उघडा, वहीत फेऱ्यांच्या रेघा, आणि पाच नंबरच्या रकान्यात एकाखाली एक नुसत्या फुल्या. एक नंबरचं पॅकेट, म्हणजे एका वेळचा निरोप, जवळपास दर वेळी येत होतं, दोनचं बऱ्यापैकी, तीन-चारचं कधीमधी. पाच गप्प. शेवटी दोन मुलं होडीने दीड किलोमीटर वर गेली, नोडशेजारी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, सोडला आणि हेडफोन कानाला लावला. थोड्या वेळाने फोन आला : "सर, हा तर ठणठणीत आहे. टिर्रर्र-टिर्रर्र बोलतोय. तुम्हालाच ऐकू येत नाहीये."

मुलगा चेष्टेत बोलला, पण निदान अगदी बरोबर होतं. नोड बोलत होता, आमच्या कानाशी येऊन त्याचं बोलणं मरत होतं. त्या दिवशीची ही चूक आणि ती कशी सुटली, हे जरा सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल, आणि दुसरीकडे कुणी धरणात-तलावात असले प्रयोग करत असेल तर त्यालाही.

मांडणी

मी धुळ्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अंतिम वर्षाच्या गटाने प्रकल्प घेतला होता : साक्री तालुक्यात पांझरेवरच्या एका धरणात वेगवेगळ्या खोलीवर तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. उन्हाळ्यात साठलेल्या पाण्याचे थर पडतात, वर कोमट, खाली गार, आणि खालच्या थरात ऑक्सिजन कमी होत जातो. मासेमारी करणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं, आम्हाला आकडे हवे होते. परवानग्यांना जितका वेळ गेला तितका पुढे कशालाच गेला नाही, पण तो विषय इथे नको.

पाच नोड, आणि भिंतीपासून चाळीसेक मीटरवर तरंगणारा तराफा. तराफ्याला आम्ही 'ठाणं' म्हणायचो. सगळ्यांनी आपापला निरोप ठाण्याला द्यायचा, ठाणं तो मोबाइलच्या सिमवरून कॉलेजात पाठवणार. नोड पाण्याखाली, त्यामुळे वायफाय किंवा ब्लूटूथ बाद. ज्या रेडिओ लहरी हवेत किलोमीटर-किलोमीटर जातात, त्या पाण्यात हातभर जाऊन विरतात. प्रकाशाचं म्हणाल तर पांझरेचं पाणी एकदा गढूळ झालं की टॉर्च दोन हातांवर दिसत नाही. राहता राहिला आवाज. बाजारातले तयार अकॉस्टिक मोडेम (आवाजातून निरोप पाठवणारी-ऐकणारी यंत्रं) लाखांच्या घरात, म्हणून मुलांनी मोडेम स्वतः बांधले. सेकंदाला ८०० बिट. आजच्या फोनसमोर हे म्हणजे बैलगाडीच, पण ५० बाइटचं पॅकेट अर्ध्या सेकंदात जातं आणि आम्हाला तेवढं पुरत होतं.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४९० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून अधिक. १८२६ साली कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या तलावात हे मोजलं होतं. एका होडीवरून पाण्याखालची घंटा वाजवायची, त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका करायचा, आणि दुसऱ्या काठाजवळच्या होडीत पाण्यात नळी बुडवून बसलेल्याने भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ धरायचा. त्यांचा आकडा आला १४३५. पाणी गार होतं, ८ अंशांचं. दोनशे वर्षांपूर्वी होडीत बसून काढलेला आकडा आजही टिकतो, याचं मला दर वर्षी वर्गात सांगताना नवल वाटतं.

१४९० मीटर ऐकायला वेगवान वाटतं. पण रेडिओ लहर याच्या दोन लाख पट वेगाने जाते, आणि आमची सगळी चूक या दोन लाखांत लपलेली होती.

'आधी ऐका, मग बोला' का फसलं

मुलांनी जमिनीवरच्या रेडिओ नोडसाठी लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा पाण्यात उतरवला होता. त्यातला नियम सभ्य माणसाचा आहे : बोलण्याआधी कान द्या, कुणी बोलत असेल तर थांबा, शांतता असेल तर बोला. हवेत हा नियम झकास चालतो, कारण दीड किलोमीटरवर कुणी बोलायला लागला की पाच मायक्रोसेकंदांत तुम्हाला कळतं. पाण्यात तेवढ्याच अंतराला एक सेकंद लागतो. आमचं पॅकेट अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे पाच नंबरचं बोलून संपतं तरी त्याचा पहिला शब्द अजून अर्ध्याच वाटेवर असतो.

आता हे घड्याळ लावून बघा. शून्याव्या क्षणाला पाच नंबरने बोलायला सुरुवात केली. ०.६ सेकंदाला एक नंबरने कान दिला. तो पाचपासून १३५० मीटरवर, पाचचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला ०.९१ सेकंद. त्याला शांतता ऐकू आली आणि त्याने बोलायला घेतलं. त्याचा निरोप ठाण्यात ०.७ ते १.२ पर्यंत पडणार, पाचचा १.०१ ते १.५१ पर्यंत. दोघं ठाण्याच्या कानात आदळले. त्यात एक नंबर ठाण्यापासून दीडशे मीटरवर, पाच दीड हजारावर. दहापट अंतर म्हणजे आवाजाची ताकद शंभरावा हिस्सा. एकाचा आवाज दणदणीत, दुसऱ्याची कुजबुज. टक्करीतून काही वाचलंच तर ते एक नंबरचं. पाचच्या रकान्यात फुली.

उलट बाजू आणखी चीड आणणारी. एक नंबर बोलून मोकळा झाला, त्याचा निरोप ०.६ सेकंदाला ठाण्यात पोचून संपलासुद्धा. पण तोच आवाज पाच नंबरला ०.९१ पासून १.४१ पर्यंत ऐकू येतो. पाच बिचारा सभ्यपणे थांबतो. ठाणं केव्हाच रिकामं झालेलं असतं आणि हा शिळ्या आवाजाला मान देत बसलेला. म्हणजे जेव्हा थांबायला हवं तेव्हा बोलतो, आणि बोलायला हवं तेव्हा थांबतो. पाण्यात तुम्ही जे ऐकता ती कालची बातमी असते.

गटातल्या एका मुलीने सुचवलं की मग ऐकायचंच सोडून देऊ, प्रत्येकाने वाटेल तेव्हा बोलावं, पोचपावती आली नाही तर पुन्हा बोलावं. ही हवाई विद्यापीठात १९७०च्या सुमाराला नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांमधल्या रेडिओ संपर्कासाठी काढलेली 'अलोहा' पद्धत. फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेचे कप्पे पाडले, प्रत्येकाने कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचं ठरवलं, तर हवेत हे दुप्पट, ३७ टक्क्यांच्या जवळ जातं. पाण्यात ती दुप्पटही हातची जाते. सगळे कप्प्याच्या तोंडावर बोलले तरी ठाण्यात पोचेपर्यंत कुणी ०.१ सेकंद मागे, कुणी एक सेकंद मागे, आणि कप्प्यांच्या कडा एकमेकांत घुसतात. शिवाय पुन्हा-पुन्हा बोलणं बॅटरीला परवडत नाही. ऐकण्यापेक्षा बोलायला कितीतरी पट वीज लागते, आणि पाण्याखालच्या नोडची बॅटरी बदलायची म्हणजे होडी, दोर आणि अर्धा दिवस.

पहिला उपाय, चालणारा पण आळशी

त्याच दुपारी, कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवून, आम्ही सरळ पाळ्या लावल्या. प्रत्येकाला आपला वेळ. अर्धा सेकंद बोलण्याचा आणि वर एक सेकंद मोकळा, सगळ्यात लांबच्याचा आवाज पोचून जाईपर्यंत. दीड सेकंदाची एक पाळी, पाचांची फेरी साडेसात सेकंदांची. फुल्या थांबल्या. पाच नंबरच्या रकान्यात पहिली बरोबरची खूण आली तेव्हा मुलांनी तराफा हलवला इतके उड्या मारायला लागले.

मला मात्र साडेसातातले पाच सेकंद नुसत्या शांततेत जाताना बघवत नव्हतं. एक नंबरचा आवाज ०.१ सेकंदात पोचतो, तरी त्याच्यामागेही पूर्ण एक सेकंद मोकळा. ठाण्याने एकेकाला नाव घेऊन विचारावं हा दुसरा पर्याय कागदावर मांडून पाहिला. प्रत्येक प्रश्नाला जाण्या-येण्याचा वेळ, फेरी नऊ सेकंदांच्या आसपास गेली. त्याहून वाईट. पंधरा मिनिटांतून एकदा आकडे हवेत तर दोन-चार सेकंदांनी काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. पण फेरी चालू असेपर्यंत सगळे नोड जागे असतात, आणि पुढे नोड पाचाचे पंधरा झाले की हा मोकळा वेळही तिप्पट होतो. आणखी एक दुखणं होतं. स्वस्त घड्याळाचा स्फटिक दशलक्षात वीस इतका चुकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. दोन नोड उलट दिशांना चुकले तर दिवसात साडेतीन. पाळ्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एकमेकांवर चढल्या असत्या.

पाटकरी आबा

माझं आजोळ पांझरेकाठचं, फडाचं गाव. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी : पांझरा आणि मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून सारंग, आणि गावाची ओलिताची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी वाटायला सरकारी माणूस नाही, गावाने नेमलेला पाटकरी. कुणाचं दार कधी उघडायचं, कधी लावायचं, हे तो ठरवतो आणि त्याच्या शब्दापुढे पाटीलही बोलत नसे, असं आजोबा सांगायचे.

त्या रात्री मी मामाकडे मुक्कामाला होतो. ओट्यावर पाटकरी आबा बसले होते. वय झालेलं, आता त्यांचा मुलगा पाटावर जातो. दिवसभर काय केलं विचारलं तर मी पाळ्यांचं सांगितलं, आणि लांबच्यासाठी मध्ये वेळ मोकळा सोडावा लागतो म्हणून कुरकुर केली. आबांनी तंबाखू मळत एवढंच म्हटलं :

"भाऊ, पानी वावरमा पडस तव्हय पाळी चालू व्हस. दार उघडं तव्हय नही."

पाणी शेतात पडतं तेव्हा पाळी सुरू होते, दार उघडलं तेव्हा नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं, जे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि ज्याचा कधी विचार केला नव्हता. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची पाळी संपायला वेळ असतानाच वरचं दार लावायचं, कारण वाटेत जे पाणी चालत आहे ते त्याचंच आहे, ते त्याच्या वावरात पोचेल. दार लावायला त्याची पाळी संपेपर्यंत थांबलात तर टेलला ज्यादा आणि पुढच्याला कमी.

आम्ही पाळी बोलणाऱ्याच्या तोंडाशी मोजत होतो. ती ऐकणाऱ्याच्या कानाशी मोजायला हवी होती. पाण्याच्या मधोमध दोन आवाज एकमेकांतून आरपार गेले तर कुणाचं काय जातं? तिथे ऐकायला कुणी बसलेलं नाही. आवाज आवाजाला ढकलून देत नाही, दोघं आपापल्या वाटेने पुढे जातात. टक्कर होते ती फक्त ठाण्यात, आणि ठाण्यात एकामागे एक पोचले की झालं.

उपमा इथवरच चालते, हेही सांगायला हवं. चारीत एका वेळी एकाच दिशेने पाणी असतं, दोघांचं पाणी एकमेकांतून जात नाही. आवाजाचं जातं, म्हणून आमची सोय पाटकऱ्यापेक्षा जास्त. आणि रात्री दार फोडून पाणी चोरणारा मुखाकडचा शेतकरी पाटावर असतो. आमचा दांडगा एक नंबर तसाच वागत होता, पण त्याला वेळापत्रक दिलं की तो निमूट पाळतो.

नवं वेळापत्रक

दुसऱ्या दिवशी ठाण्याने प्रत्येक नोडला हाक मारली. हाक ऐकल्यावर ठरलेला वेळ थांबून 'ओ' द्यायची. हाक ते 'ओ' या वेळातून थांबलेला वेळ वजा करा, निम्मं करा, की एका बाजूचा वेळ मिळतो. घड्याळं जुळवायची गरजच नाही. फेरीची सुरुवातही ठाण्याच्या हाकेनेच, हाक ०.२ सेकंदाची. ज्याला हाक ऐकू यायला लागेल त्या क्षणापासून त्याने आपापला ठरलेला वेळ मोजायचा आणि बोलायचं :

एक नंबर, १५० मीटर, आवाजाला ०.१० सेकंद, हाक ऐकल्यापासून थांबायचं ०.३० सेकंद
दोन नंबर, ४०० मीटर, ०.२७, थांबायचं ०.५६
तीन नंबर, ७५० मीटर, ०.५०, थांबायचं ०.७०
चार नंबर, ११०० मीटर, ०.७४, थांबायचं ०.८२
पाच नंबर, १५०० मीटर, १.०१, थांबायचं ०.८८

हाक जायचा वेळ, थांबायचा वेळ आणि निरोप यायचा वेळ, तिन्हींची बेरीज करा. ठाण्यात निरोप पोचतात ०.५, १.१, १.७, २.३ आणि २.९ सेकंदाला. अर्धा सेकंद निरोप, ०.१ मोकळा, लगेच पुढचा. साडेतीन सेकंदांत फेरी खलास, आणि त्यात हाकेचाही वेळ आला.

हे बघून एक मुलगा हटून बसला. "सर, चार नंबर १.५६ ला सुरू होऊन २.०६ पर्यंत बोलतोय, आणि पाच १.८९ ला सुरू होतोय. दोघं एकदम बोलताहेत. हे चालणारच नाही." त्याचं गणित बरोबर होतं. एक-दोन, दोन-तीन आणि तीन-चारही थोडा वेळ एकदम बोलतात. त्याला म्हटलं, तराफ्यावर बस आणि हेडफोन लाव. एक, दोन, तीन, चार, पाच, मध्ये बारीकसा श्वास घेतल्यासारखी शांतता, सुटे सुटे पाच निरोप. तो तीन फेऱ्या ऐकत राहिला, मग हेडफोन काढून पुढच्याला दिला.

घड्याळाचं दुखणंही याच औषधाने गेलं. दर फेरीला हाकेपासून नवी मोजणी, साडेतीन सेकंदांत स्फटिक चुकून चुकून सत्तर मायक्रोसेकंद चुकणार.

यात आमचा शोध काही नाही. जीएसएम मोबाइलमध्ये १९९१ पासून हेच चालतं. टॉवरपासून लांबच्या फोनला थोडं लवकर बोलायला सांगितलं जातं, दर साडेपाचशे मीटरला एक पायरी, ६३ पायऱ्या, म्हणूनच टॉवरची हद्द ३५ किलोमीटर. फरक इतकाच की तिथे हा वेळ पॅकेटच्या मानाने चिमूटभर असतो, पाण्यात तो पॅकेटपेक्षा मोठा असतो, आणि मोठा असल्यामुळेच त्याचा उपयोग करून घेता येतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले मंदार चित्रे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिलं की नोड आपसात बोलत असतील आणि अंतरं जुळून आली तर एकाच माध्यमातून एका वेळी एकापेक्षा जास्त निरोप पोचवता येतात. नोडची संख्या 'न' धरली तर वरची मर्यादा 'न'च्या निम्मी. उशीर ही अडचण न राहता जागा होते. आमच्याकडे ऐकणारा एकच, त्यामुळे आम्ही एकाच्या वर जाऊ शकत नाही, आणि आम्हाला त्याची गरजही नव्हती.

मोकळा ०.१ सेकंद कशासाठी

हा आकडा हवेतून काढलेला नाही. ठाणं भिंतीपासून चाळीस मीटरवर, म्हणजे प्रत्येक निरोपाचा भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी ५४ मिलिसेकंद मागून येतो. गोड्या पाण्यात समुद्रासारखी क्षारांची आवाज-खाऊ द्रव्यं नसतात, त्यामुळे आवाज लांब जातो आणि प्रतिध्वनीही रेंगाळतो. काठाला काळा बेसाल्ट, तोही भिंतीचीच भूमिका बजावतो. उरले ४६ मिलिसेकंद, ते पाण्याच्या तापमानासाठी. पाणी २० अंशांवरून ३० वर गेलं तर पाच नंबरच्या जाण्या-येण्यात सुमारे ३६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ठाणं दर फेरीला बघतं, निरोप ठरल्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आला, आणि पुढच्या हाकेत तेवढी दुरुस्ती सांगतं.

फेरीच्या शेवटी आम्ही नंतर एक सहावा, कुणाच्याही नावावर नसलेला कप्पा जोडला. ऑक्सिजन एकदम घसरला तर पाळीची वाट न बघता त्यात ओरडायचं. प्रत्येकाला आपलं अंतर माहीत असल्याने निरोप कप्प्यात नीट बसतो. दोघं एकदम ओरडले तर टक्कर होणारच, तेवढी सोसायची.

सगळं लावून झाल्यावर आठवडाभराने सकाळच्या पहिल्याच फेरीत तीन नंबरला फुली. दुसऱ्या फेरीत पुन्हा फुली. रेकॉर्डिंग उघडलं तर तीनचा आवाज ठरल्या वेळेच्या ८० मिलिसेकंद आधी येत होता, आणि दोन नंबरच्या प्रतिध्वनीचं शेपूट त्याच्या डोक्यावर पडत होतं. जाण्या-येण्याचे मिळून ८० मिलिसेकंद, म्हणजे नोड साठेक मीटर ठाण्याकडे सरकला होता. मुलं होडीने गेली. रात्री जाळं ओढताना एका दादांच्या जाळ्यात तीन नंबरचा दोर अडकला होता. त्यांनी तो सोडवून, दगड बांधून, बाजूला नीट सोडलेला होता. जुनी जागा त्यांच्या जाळ्याच्या वाटेत येते म्हणाले, इथे राहू द्याल तर बरं.

राहू दिला. वहीत तीन नंबरसमोर ०.७० खोडून ०.७८ लिहिलं.